तालुक्याची वही कोण ठेवणार?

लोणावळ्यात तुंगार्लीच्या जुन्या धरणाच्या अंगानं राजमाचीकडे रस्ता चढतो. जुलैत तो चालायचा तर एक डोळा वाटेवर आणि एक डोंगराकडे ठेवावा लागतो. बंगल्यांसाठी ठिकठिकाणी डोंगर उभा कापून सपाटी काढली आहे आणि मागे दगडी किंवा काँक्रीटची भिंत घातली आहे. अशा भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं ठेवतात. बांधकामवाले त्यांना वीप होल म्हणतात. भर पावसात एका भिंतीसमोर उभा राहून मी ती मोजली. खालच्या रांगेत आठ भोकं होती. दोनांतून धार लागली होती, तीन नुसती ओली होती आणि तीन ठणठणीत कोरडी. डोंगर पाण्यानं फुगलेला असताना भोक कोरडं असणं ही वाईट खूण आहे. मागे मातीनं किंवा सिमेंटच्या राड्यानं वाट बंद झालेली असते आणि भिंत मातीबरोबर पाण्याचाही रेटा सोसत असते. पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत तुंबलं तर तिच्यावरचा एकूण रेटा दुपटीच्या वर जातो. हे गणित सिव्हिलच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी शिकवतात.

त्या भिंतीखाली, रस्त्याच्या पलीकडे, चार-सहा पत्र्याच्या खोल्या होत्या. बंगल्यांत धुणीभांडी, झाडलोट, माळीकाम करणारी कुटुंबं अशा खोल्यांत राहतात. भिंत ढासळली तर ती त्यांच्यावर येणार, आणि भिंतीच्या भोकांबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं.

लोणावळ्याला लागून कुसगावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तळेगावातही आहेत. नौदलाची अभियांत्रिकी शिक्षणसंस्था आयएनएस शिवाजी लोणावळ्यातच आहे. रेल्वेनं दीड-दोन तासांवर पुण्यात १८५४ साली सुरू झालेलं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. इतकी विद्या आसपास असताना तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकातलं गणित चार-सहा किलोमीटरवरच्या भिंतीपर्यंत का पोचत नाही? मला हा प्रश्न गेली काही वर्षं सोडत नाही.

या डोंगराला अभियांत्रिकी नवी नाही. बोरघाटातून आगगाडी १८६३मध्ये वर आली. तो लोहमार्ग त्या काळच्या जगातल्या अवघड कामांपैकी एक होता आणि तो खोदताना हजारो मजूर मेले. पुढे टाटांनी लोणावळा, वळवण, शिरोता इथं पाणी अडवलं, ते नळांतून पाचेकशे मीटर खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. तुंगार्लीच्या टेकडीवरून वळवणचा तलाव दिसतो. त्या कामाची हुशारी आजही थक्क करते. पण त्या हुशारीला प्रश्न घातला होता मुंबईनं. इथल्या माणसाला काय हवं आहे, हे त्या आराखड्यात कुठं नव्हतं. शेजारच्या मुळशीत १९२१मध्ये शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला तो याच कारणानं: धरण कुणाच्या जमिनीवर आणि कुणासाठी, हे विचारण्यासाठी. शंभर वर्षांनंतरही तो प्रश्न अभ्यासक्रमात आलेला नाही. विद्यार्थी धरणाची भिंत तोलायला शिकतो. धरणाच्या वरच्या वाडीला मे महिन्यात प्यायचं पाणी कुठून मिळतं, हे त्याला कुणी विचारत नाही.

मावळ तालुक्यानं या न विचारण्याची किंमत अगदी अलीकडे मोजली आहे. १५ जून २०२५ला, रविवारी दुपारी, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी साकव पर्यटकांच्या गर्दीसह नदीत कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथं होती. नवा पूल मंजूरही होता. म्हणजे धोका कुणाला माहीत नव्हता असं नाही. दुर्घटनेनंतर बरेच दिवस आपण बेशिस्त पर्यटकांवर बोललो, आणि ते खरंही आहे. तरी माझं मन त्या पाटीवर अडतं. धोकादायक म्हणजे किती धोकादायक? एका वेळी दहा माणसं चालतील की शंभर? दुचाकी चालेल का? पाटी हे सांगत नाही, म्हणून पाटीवर कुणी विश्वास ठेवत नाही. पायी पुलाचा आराखडा करताना माणसांच्या गर्दीचा भार चौरस मीटरला चारशे किलो धरतात, दाटीच्या जागी पाचशे. गंजानं तुळईची जाडी किती कमी झाली ते मोजायचं, सांधे आणि टेकूचे भाग तपासायचे, उरलेल्या ताकदीचा हिशेब मांडायचा. एक शिक्षक आणि चार विद्यार्थी एवढं काम काही दिवसांत करू शकतात. जाडी मोजायचं ध्वनिलहरींचं यंत्र हातात मावतं. मावळात ओढ्यांवर, नद्यांवर असे साकव किती आहेत? प्रत्येकाचं वय काय, शेवटची तपासणी कधी झाली, आज त्यावर किती भार चालेल? याची एक वही कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असायला हवी होती. साकव पडला की सरकारी तपासणीचे आदेश निघतात आणि पाऊस ओसरला की त्या कागदांवर धूळ बसते. वही त्याहून वेगळी असते. ती दर वर्षी त्याच पुलाकडे परत जाते.

संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नवं यंत्र येतं. अडचणीतल्या माणसासाठी संशोधन म्हटलं की स्वस्त यंत्र येतं. ही कल्पना अपुरी आहे. हे सांगायला मला अशोक गाडगीळ यांचं काम आठवतं. मुंबईत वाढलेला हा भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेत बर्कलीला गेला आणि तिथल्या विद्यापीठात, राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करू लागला. १९९३च्या सुमारास बंगालात कॉलऱ्याची नवी साथ आली, तेव्हा त्यांनी अतिनील दिव्यानं पाणी निर्जंतुक करणारं साधन तयार केलं. त्यात दिवा पाण्यात बुडवलेला नाही, तो पाण्यावर टांगलेला आहे. त्यामुळे दिव्याच्या काचेवर पापुद्रा धरत नाही आणि रोज ती घासत बसावं लागत नाही. वाडीवरची बाई ते साधन चालवू शकेल की नाही, हे त्या एका निर्णयात ठरलं.

दारफूरचं काम त्याहून शिकवणारं आहे. सुदानच्या त्या भागात यादवीमुळे छावण्यांत आलेल्या बायकांना सरपणासाठी कित्येक तास चालत जावं लागे आणि वाटेत त्यांच्यावर हल्ले होत. सरपण कमी लागेल अशी चूल दिली तर फेऱ्या कमी होतील, इथून विचार सुरू झाला. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी २००५मध्ये तिथं गेले आणि बायका स्वयंपाक करताना काय होतं ते पाहत बसले. तिथलं मुख्य अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं उकडं. ते घोटताना बाई भांड्यात काठी जोरानं फिरवते, आणि प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली चूल त्या जोरानं वाळूत कलंडते. भांड्यांचं बूड गोल, वारा जोराचा. मग भारतात आधीपासून वापरात असलेली ‘तारा’ चूल घेतली, तिला रुंद पाय दिले, भांड्याला धरणारी कड दिली, वाऱ्याला आडोसा केला. पुढे या चुलीचे कापलेले पत्रे मुंबईतून सुट्या रूपात दारफूरला जाऊ लागले आणि तिथलेच लोक ते जोडून चूल उभी करू लागले. अमेरिकी विद्यापीठाचं संशोधन, मुंबईचा पत्रा, सुदानी हात. या साखळीत सगळ्यात महाग गोष्ट कोणती, असं मला विचाराल तर ती आहे स्वयंपाक पाहत बसण्याचा वेळ. तोच वेळ आपली महाविद्यालयं द्यायला तयार नसतात.

दूर जायची गरज नाही. राजमाचीच्या माचीवरून खाली पाहिलं की उल्हास नदीचं खोरं आणि कर्जत तालुका दिसतो. त्याच तालुक्यात आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रानं बरीच वर्षं पाय रोवून काम केलं आहे. हे केंद्र १९८५मध्ये सुरू झालं. प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कर्जतच्या आदिवासी वाड्यांत विहिरींची पातळी, झऱ्यांचं पाणी, टँकरच्या फेऱ्या मोजल्या. गुडवणवाडी या छोट्या वाडीसाठी बंधारा बांधला. आकारानं तो बंधारा काहीच नाही. पण भरपूर पाऊस पडणाऱ्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर का लागतो, याचं उत्तर त्यासाठी वाडी-वाडीनं शोधावं लागलं. आणि हे उत्तर ढोबळ नसतं. कुठं विहीर चुकीच्या जागी असते, कुठं योजनेचा नळ शेवटच्या वाडीपर्यंत चढतच नाही, कुठं व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने पगार नसतो. शेवटचं कारण अभियांत्रिकीचं नाही असं म्हणणाऱ्याला मी एवढंच म्हणेन की नळयोजना ज्या माणसावर चालते त्याचा पगार हा तिच्या आराखड्याचाच भाग आहे.

असं काम म्हणजे समाजसेवा, त्यात संशोधन कुठं आहे, असं अनेक प्राध्यापक म्हणतात. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. शोधनिबंध मोजले जातात, बढती त्यावर मिळते, मूल्यांकनाला येणारी समिती आकडे मागते. साकव तपासून कुणाचं नाव परदेशी नियतकालिकात छापून येत नाही. पण याच सिताराच्या परिसरात ‘जलतंत्र’ ही संगणकप्रणाली जन्माला आली, हे त्यांनी पाहावं. खेड्यांच्या नळयोजनेत बराच खर्च नळांचा असतो. कुठल्या टप्प्यावर किती व्यासाचा नळ घातला तर शेवटच्या टाकीपर्यंत पुरेसा दाब पोचेल आणि खर्चही सगळ्यात कमी येईल, हे कोडं वाटतं त्याहून फार अवघड आहे. शंभर वाड्यांची योजना असेल तर पर्यायांची संख्या कल्पनेपलीकडे जाते. प्रा. ओम दमाणी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी गणिती पद्धत बसवली आणि ती कुणालाही मोफत वापरता येईल अशी ठेवली. हे कोडं प्रयोगशाळेत बसून सुचलं नसतं. चढावरच्या वाडीचा कोरडा नळ पाहिल्यावरच ते दिसतं. गरजेतून आलेला प्रश्न सोपा असतो हा आपल्या विद्यापीठांचा समज मला साफ चुकीचा वाटतो.

२०१६मध्ये महाराष्ट्र शासनानं उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं. जिल्ह्याचे प्रश्न जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी अभ्यासावेत आणि प्रशासनानं त्या अभ्यासाला काम मानावं, ही त्यामागची कल्पना. केंद्राचं उन्नत भारत अभियान त्याच्या आधीचं. म्हणजे चौकट आहे, शासनाची मान्यता आहे. तरी तुंगार्लीच्या भिंतीकडे कुणी पाहत नाही याचं एक कारण मला फार उशिरा कळलं, आणि ते अगदी साधं आहे. महाविद्यालयाचं वर्ष आणि डोंगराचं वर्ष जुळत नाही.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दिवाळीच्या आसपास आकार घेतो आणि एप्रिल-मेमध्ये अहवालाचं ‘ब्लॅक बुक’ बांधून, बाहेरच्या परीक्षकापुढे तोंडी परीक्षा देऊन संपतो. पोरं नोकरीला लागतात. आता डोंगराचं वर्ष पाहा. झरे आटतात एप्रिलमध्ये, टँकर धावतो मेमध्ये, साकवावर पाणी चढतं जुलैत, दरड येते जुलै-ऑगस्टमध्ये. ज्या दिवशी वाडीला इंजिनिअरची गरज सगळ्यात जास्त असते त्या दिवशी त्या वाडीचा अभ्यास केलेला गट अस्तित्वातच नसतो. पुढच्या वर्षी नवा गट त्याच वाडीत नवी प्रश्नावली घेऊन जातो आणि घरात किती माणसं, किती हंडे पाणी, हेच पुन्हा विचारतो. वाडीवरची माणसं कंटाळतात, आणि त्यांचं कंटाळणं योग्य आहे. माहिती दिली त्यांनी, गुण मिळाले दुसऱ्याला. आधीच्या गटाचं ब्लॅक बुक ग्रंथालयाच्या कपाटात, आणि वाडीकडे त्याचं एक पानही नाही.

म्हणून माझा सगळा भर वहीवर आहे. विद्यार्थी बदलणारच. प्रयोगशाळा आणि शिक्षक मात्र राहतात. तालुक्यातले साकव, झरे, विहिरी, कापलेले उतार, शाळांच्या इमारती यांची वर्षानुवर्षं चालणारी नोंद महाविद्यालयानं ठेवायची आणि प्रत्येक तुकडीनं तिच्यात आपलं पान जोडायचं. पावसाळी महिन्यांतल्या कामाला गुण द्यायचे. वहीची मराठी प्रत दर वर्षी ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत चिकटवायची. फार मोठ्या ज्ञानाची यात गरज नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात शाळा सुटलेली मुलं जमिनीचा विद्युत्‌रोध मोजून भूजलाचा अंदाज घ्यायला शिकली आहेत. त्यांना जमतं ते चार वर्षं शुल्क भरून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जमणार नाही, असं कसं म्हणायचं?

एकाच गावात टिकून राहण्यानं काय होतं हे विलासराव साळुंखे यांनी दाखवलं आहे. ते अभियंते आणि पुण्याचे कारखानदार. १९७२च्या दुष्काळानंतर ते पुरंदरमधल्या नायगावात गेले. पाणी अडवण्याचं तंत्र त्यांना येतच होतं. पण गावात वर्षानुवर्षं राहिल्यावर खरा पेच त्यांच्या लक्षात आला: अडवलेलं पाणी ज्याच्याकडे जमीन जास्त त्याच्याकडे जातं. मग पाणी जमिनीच्या मापानं न देता माणशी द्यायचं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही, असे पाणी पंचायतीचे नियम झाले. एका अभियंत्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोलाचं डिझाइन आहे असं मी मानतो.

कुणी म्हणेल, ही सरकारची कामं आहेत. आहेतच. जबाबदारी सार्वजनिक बांधकाम विभागाची, जिल्हा परिषदेची, नगरपरिषदेची आहे आणि ती त्यांच्यावरून काढून विद्यार्थ्यांच्या खांद्यावर टाकू नये. विद्यार्थ्याच्या सहीनं पूल सुरक्षित ठरत नाही. पण सरकारी यंत्रणेला स्वतंत्र डोळा लागतो. इर्शाळवाडीनं ते दाखवून दिलं. १९ जुलै २०२३च्या रात्री घाटाखालच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची ती ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत ती वाडी नव्हती. त्याच्या नऊ वर्षं आधी, ३० जुलै २०१४ला, याच पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं होतं, दीडशेवर माणसांसह. त्यानंतर याद्या झाल्या, आणि तरीही एक वाडी यादीबाहेर राहिली.

यादी अपुरी राहण्याला एक कारण पावसाच्या मोजणीत आहे. घाटमाथ्यावर लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला पुण्यात सातशे-साडेसातशे. एवढा फरक साठ-सत्तर किलोमीटरमध्ये. डोंगराच्या या कुशीत आणि त्या कुशीत पाऊस वेगळा असतो. महसूल मंडळाला एक पर्जन्यमापक सपाट प्रदेशात पुरतो, इथं तो पुरत नाही. केरळात मुन्नारजवळच्या उतारावर अमृता विद्यापीठानं जमिनीत खोलवर यंत्रं पुरून मातीतल्या पाण्याचा दाब मोजण्याची व्यवस्था उभी केली आणि २००९पासून ती दरडीचे इशारे देते आहे. पुण्यात सेंटर फॉर सिटिझन सायन्सच्या अभ्यासकांनी ‘सतर्क’ ही पावसाच्या आकड्यांवर दरडींचा इशारा देणारी पद्धत बसवली. मुन्नारसारखी यंत्रणा प्रत्येक वाडीला परवडणार नाही. पण पर्जन्यमापक म्हणजे शेवटी एक नळकांडं, एक नरसाळं आणि एक मोजपट्टी. फणसराई, वळवंड, उधेवाडीसारख्या प्रत्येक वस्तीत तो असावा, तिथल्याच कुणी सकाळी साडेआठला आकडा घेऊन फोनवर कळवावा आणि महाविद्यालयात तो त्याच दिवशी वहीत चढावा. तीन दिवसांत अमुक इतका पाऊस झाला की उतारावरची घरं शाळेत हलवायची, हा आकडा काही वर्षांच्या नोंदींतून त्या त्या वाडीपुरता ठरवता येईल. सबंध जिल्ह्याला एकच रंगाचा इशारा देऊन तो कधीच ठरणार नाही.

हा आकडा ठरवण्याचं काम गुंतागुंतीचं आहे. जांभ्याची तांबडी माती, तिच्याखालचा काळा पाषाण, मधल्या थरात साचणारं पाणी, वर झालेली भातखाचरं किंवा रस्ते, या सगळ्याचा त्यात हिशेब आहे. डॉक्टरेटचे कितीतरी प्रबंध त्यातून होतील. ज्यांना संशोधनाची भूक आहे त्यांच्या दाराशी हे पान वाढून ठेवलं आहे.

मावळातल्या आणि पुण्यातल्या अभियांत्रिकी शिक्षकांना माझी विनंती छोटी आहे. यंदा जूनच्या आधी आपल्या महाविद्यालयापासून दहा किलोमीटरच्या आतले साकव चालून या. कापलेले उतार पाहा, त्यांच्या भिंतींची भोकं मोजा, खाली कोण राहतं ते लिहून घ्या आणि ते लिहिलेलं त्या घरात वाचून दाखवा. तुंगार्लीच्या त्या भिंतीतली तीन भोकं मी शेवटचं पाहिलं तेव्हाही कोरडीच होती.